भाव पडलाय, विकू का ठेवू?

(सामुदायिक रेडिओवरच्या बोलण्यावरून)



मागे एकदा आम्ही बँकेची ठेव, पोस्टाची ठेव आणि पतसंस्थेची ठेव यांतला फरक सांगितला होता. तो कार्यक्रम ऐकून केज तालुक्यातल्या एका मावशींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, ठेवीचं समजलं. पण शेअरचं काय? पोरानं माझ्या नावानं घेतलेत. ऐंशी हजाराचे घेतले, आता एकतीस हजार दाखवतंय म्हणतो. विकू का ठेवू, तेवढं सांगा."

तेवढं सांगता आलं असतं तर आम्ही लगेच सांगितलं असतं. पण कुठला शेअर विकावा आणि कुठला ठेवावा हा सल्ला पैसे घेऊन द्यायचा असेल तर सेबीकडं नोंदणी लागते, आणि फुकट द्यायचा असेल तरी अंगात तेवढी विद्या लागते. आमच्याकडं दोन्ही नाही. मात्र मावशींशी तीन-चार वेळा बोलणं झालं आणि त्यातून आमच्या लक्षात आलं की असा प्रश्न घेऊन बसलेल्या बाया गावोगाव असतील. खातं बाईच्या नावाचं, मोबाइल पोराच्या हातात आणि घरात त्या विषयावर अबोला. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

शेअर हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत साखर कारखान्याचा शेअर आहे. सासऱ्यांच्या नावाचा, फ्रेम करून भिंतीला लावलेला. तो शेअर म्हणजे कारखान्याच्या मालकीत आपला छोटा वाटा. पण तो सहकारी कारखाना. तिथं कुणाकडं कितीही शेअर असले तरी मत एकच, आणि त्या शेअरचा भाव काही रोज बाजारात ठरत नाही. कंपनीचा शेअर हाही मालकीचा वाटाच. फरक असा की तो सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, सतत विकला आणि घेतला जातो. जितका घ्यायला उतावळा माणूस जास्त तितका भाव वर, जितका विकायला उतावळा माणूस जास्त तितका भाव खाली. मोंढ्यातल्या सौद्यासारखंच, फक्त आडत्या दिसत नाही.

आणि मालकी म्हटली की एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कंपनी बुडाली, तिची मालमत्ता विकायची वेळ आली, तर त्या पैशावर आधी हक्क कामगारांचा, कर्ज देणाऱ्या बँकांचा, मग इतर देणेकऱ्यांचा. भागधारक बसतो शेवटच्या पंगतीला. बहुतेक वेळा त्या पंगतीपर्यंत पातेलं रिकामं झालेलं असतं.

मग लोक घेतात कशाला? तर अमळनेरसाठी घेतात.

जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. १९४५ साली मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिथं वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. शेतकरी, दुकानदार, नोकरदार, ज्याची जशी ऐपत तसे. १९६६ साली प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परत आले. पुढं तीच कंपनी विप्रो झाली, तुपासाबणाबरोबर संगणकाच्या धंद्यात गेली, आणि ज्या घरांनी ते कागद पेटीत तसेच ठेवले ती घरं कोट्यधीश झाली. ही गोष्ट खरी आहे, आणि महाराष्ट्रात शेअरचा विषय निघाला की कुणीतरी ती सांगतंच. मावशींच्या मुलानंही आईला हीच सांगितली होती.

त्या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. अमळनेरच्या माणसाच्या खिशात मोबाइल नव्हता. आज भाव किती, काल किती, हे त्याला दर मिनिटाला दिसत नव्हतं. लाभांश आला की कंपनी चालू आहे एवढं कळायचं. दुसरं असं की मधल्या पन्नास वर्षांत घराचं बांधकाम, लग्न, दवाखाना यांसाठी कितीतरी जणांनी ते शेअर विकले असतील. त्यांची नावं कुठल्या गोष्टीत येत नाहीत.

आता आपल्याला अमळनेरपेक्षा जवळचं गाव घ्या, सोलापूर. तिथली जुनी गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल. एके काळी देशातल्या मोठ्या कापड गिरण्यांत तिची गिनती होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि १९५० च्या जानेवारीत सरकारनं कारभार आपल्या ताब्यात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. त्याचं म्हणणं होतं की मालकीचा हक्क हिरावला. डिसेंबर १९५० मध्ये कोर्टानं त्याचा अर्ज फेटाळला. ज्या दशकात अमळनेरचा माणूस तुपाच्या कंपनीचे शेअर घेत होता त्याच दशकात सोलापूरच्या भागधारकावर ही वेळ आली होती. त्या वेळी कुणालाही विचारलं असतं, की बाबा, नवी तुपाची कंपनी भक्कम का सोलापूरची जुनी गिरणी, तर दहापैकी नऊ जणांनी गिरणीकडं बोट दाखवलं असतं.

अमेरिकेत हेंड्रिक बेसेम्बाइंडर नावाच्या प्राध्यापकांनी २०१८ साली एक मोठा हिशोब छापला. १९२६ पासून तिथल्या बाजारात आलेल्या सुमारे २६ हजार शेअरचा. त्यात दर सातपैकी चार शेअरनी आपल्या सगळ्या आयुष्यात सरकारी कागदाइतकंसुद्धा दिलं नाही. त्याहून जे जास्त पैसे बाजारानं लोकांना मिळवून दिले ते जवळजवळ सगळे फक्त शंभरातल्या चार कंपन्यांनी दिले. म्हणजे बाजार एकंदर वर जातो हे खरं आणि त्यातला एखादा शेअर उचलला तर तो बहुधा मागं राहतो हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे समजायला आम्हालाही जरा वेळ लागला.

"पण चांगली कंपनी बघूनच घेतली होती," असं मावशींचा मुलगा म्हणाला. म्हणाला असेल, आणि बघितलीही असेल. आता सत्यमचं बघा. हैदराबादची ही सत्यम कॉम्प्युटर देशातल्या पहिल्या चार-पाच मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी. २००८ च्या सप्टेंबरमध्ये चांगल्या कारभाराबद्दल तिला पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की हिशोबाच्या वह्यांत दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नाहीच. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या एका दिवसात ४० रुपयांवर आला. तिचे हिशोब मोठ्या नावाच्या ऑडिटरनी तपासले होते. बँका, परदेशी फंड, सगळ्यांनी ते कागद वाचले होते. त्यांना नाही कळलं तिथं आपल्या पोराला मोबाइलवर कळलं नाही, तर त्याला फार बोल लावू नये.

आणखी एक उदाहरण घराच्या कर्जाच्या कंपनीचं, डीएचएफएलचं. २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तिचा शेअर सहाशेच्या वर होता. मग एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि पुढं पडतच राहिला. शंभरवर आला तेव्हा लोकांनी स्वस्त झाला म्हणून घेतला. पन्नासवर आला तेव्हा आणखी स्वस्त झाला म्हणून घेतला. शेवटी वीस रुपयांच्या आसपास असतानाही घेणारे होते. २०२१ मध्ये पिरामल समूहानं ती कंपनी ताब्यात घेतली आणि दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणं जुन्या भागधारकांना मिळालं शून्य. शेअर रद्दच झाले. सहाशेला घेतलेल्याचे आणि वीसला घेतलेल्याचे, दोघांचेही.

आता याच्या उलट बाजू. ही आपल्या घरातली आहे. मे २०२२ मध्ये एलआयसीचा शेअर आला तेव्हा आपल्याकडं किती धावपळ झाली होती आठवतं? पॉलिसीवाल्यांना सवलतीत मिळणार म्हणून ज्यांनी डीमॅट हा शब्द कधी ऐकला नव्हता त्यांनी खाती उघडली. किंमत ९४९, पॉलिसीधारकाला साठ रुपये सूट, म्हणजे ८८९. कमीत कमी पंधरा शेअर घ्यायचे, म्हणजे १३,३३५ रुपये. पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली बंद झाला. २०२३ च्या मार्चमध्ये तो ५३० च्या आसपास होता, म्हणजे १३,३३५ चे झाले जेमतेम ८ हजार. त्या पहिल्या वर्षाचा लाभांश शेअरला दीड रुपया, पंधरा शेअरला साडेबावीस रुपये. आमच्यातल्या एकीनं तेव्हाच वैतागून विकून टाकले. एकीनं पासवर्ड विसरल्यामुळं विकले नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो भाव बाराशेच्या वर गेला. पासवर्ड विसरलेली आज शहाणी ठरली आहे आणि ती स्वतःही ते हसत कबूल करते.

आता मावशींच्या प्रश्नाकडं परत या. त्यांचा शेअर साठ टक्के पडला आहे. पडलेला शेअर एलआयसीसारखा वर येईल का डीएचएफएलसारखा शून्यावर जाईल? पडत असताना दोन्ही सारखेच दिसतात. मोबाइलवर दोन्हीकडं लाल आकडाच असतो. फरक कंपनीच्या आत असतो. धंदा चालू आहे का, नफा होतो का, कर्ज किती, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का. आणि नुसता भाव बघून ते कळत नाही. मावशींनी मुलाला विचारलं, की ही कंपनी करते काय? त्याला नीट सांगता आलं नाही. "ऊर्जेचं काहीतरी करते" म्हणाला.

आणि पैसे परत येण्याचं गणितही सोपं नाही. शंभराचे पन्नास झाले म्हणजे निम्मे गेले. पण पन्नासाचे शंभर व्हायला दुप्पट व्हावं लागतं. मावशींच्या ३१ हजारांचे ८० हजार व्हायचे तर शेअर अडीचपटीहून जास्त वाढायला हवा. "पडला तेवढा चढला की झालं" असं मुलगा म्हणतो, त्यात ही गोम आहे.

इथवर कंपनीचं झालं. आता मनाचं, कारण आमच्या मते जास्त नुकसान तिथं होतं.

सोयाबीन आठवा. २०२१ च्या पावसाळ्यात काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा विकायला कुणाच्या घरात फारसं सोयाबीन नव्हतंच. नवं पीक येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. पण तो दहा हजारांचा आकडा घराघरात जाऊन बसला. त्यानंतर कितीतरी घरांत कट्टे थप्पी लावून ठेवलेले आपण पाहिले. सहा हजाराला द्यायचं नाही, साडेपाचला तर नाहीच. उंदीर लागले, वजन घटलं, आडत्याची उचल वाढली. २०२४ ला हमीभाव होता ४,८९२ आणि मोंढ्यात त्याहून कमीच भाव चालला होता. ज्या घरात बाई म्हणाली होती, "अर्धं विका, अर्धं ठेवा," त्या घरात निदान दिवाळीचा खर्च निघाला.

सोयाबीनला दहा हजार आपल्याला मिळालेले नव्हते, फक्त ऐकलेले होते. तरी पाच हजाराला विकताना पाच हजारांचं नुकसान झाल्यासारखं वाटलं. शेअरचं तर त्याहून कठीण, कारण तिथं आपण खरोखर पैसे मोजलेले असतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ साली यावर मोठा लेख लिहिला होता. कानेमन यांना पुढं २००२ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या कामाचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर, हजार रुपये सापडल्याचा जेवढा आनंद होतो त्याच्या साधारण दुप्पट दुःख हजार रुपये हरवल्याचं होतं. त्यामुळं माणूस हरवलेलं मान्य करायला तयार होत नाही. विकला म्हणजे तोटा पक्का झाला. नाही विकला तर तो अजून "दाखवतंय" एवढंच. मावशी फोनवर म्हणाल्या तसंच, "एकतीस हजार दाखवतंय". जसं काही ऐंशी हजार कुठंतरी आत सुरक्षित आहेत आणि मोबाइल चुकीचं दाखवतो आहे.

यातूनच दोन सवयी लागतात. पहिली म्हणजे, चांगला चाललेला शेअर चार पैसे सुटले की लगेच विकायचा आणि बुडत चाललेला मात्र सांभाळत बसायचा. शेतात तण ठेवून पीक उपटल्यासारखं. दुसरी जास्त घातक, तिला हे लोक "सरासरी करणं" म्हणतात. शंभरला दहा घेतले, पन्नासवर आला की आणखी दहा घ्यायचे, म्हणजे सरासरी पंच्याहत्तर. ऐकायला हिशोबी वाटतं. पण प्रत्यक्षात एकाच पडत्या भिंतीला आणखी टेकू लावत जाणं असतं, आणि टेकूचं लाकूड घरातूनच येतं. मावशींच्या मुलानं सुरुवातीला चाळीस हजारच घातले होते. उरलेले चाळीस भाव पडल्यावर घातले, आणि ते आईला न विचारता.

आमची एक ठाम सूचना इथंच सांगून टाकतो. बचत गटाचं कर्ज काढून, सोनं गहाण टाकून किंवा मुकादमाची उचल घेऊन शेअर घ्यायचे नाहीत. कुणीही सांगो, जावई सांगो की भाऊ सांगो. शेअर पडला तरी गटाचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो, आणि तुमचा हप्ता थकला तर गटातल्या बाकीच्या बायांची पत जाते.

आता थोडं पुरुषमंडळींबद्दल, रागावू नका. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोघांनी अमेरिकेतल्या सुमारे ३५ हजार घरांचे १९९१ ते १९९७ मधले शेअरचे व्यवहार तपासले आणि २००१ साली निष्कर्ष छापला. पुरुषांनी बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त व्यवहार केले आणि त्यापायी स्वतःचं नुकसानही जास्त करून घेतलं. बायकांना कंपन्या जास्त चांगल्या कळत होत्या असं नाही. त्या कमी हात लावत होत्या एवढंच. मला कळतं या भरवशावर माणूस घेतो-विकतो, आणि प्रत्येक घेण्या-विकण्यात दलाली आणि कर जातो. आपल्या सेबीनं २०२४ मध्ये सांगितलेला आकडा तर सगळ्यांनी ऐकावा असा आहे. फ्युचर-ऑप्शन नावाच्या सट्ट्याच्या व्यवहारात आधीच्या तीन वर्षांत साध्या माणसांपैकी शंभरात ९३ जणांचं नुकसान झालं, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. हा प्रकार साध्या शेअरपेक्षा वेगळा आणि फारच धोक्याचा. पोरगं "ऑप्शन", "कॉल-पुट" असले शब्द बोलू लागलं तर तिथंच थांबवा.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे, ते बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. २०२३ च्या शेवटापासून मल्टिस्टेट पतसंस्थांच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. आपण सगळ्यांनी पाहिल्या, आपल्यातल्या काही उभ्या होत्या. म्हाताऱ्या माणसांची औषधं, लेकींची लग्नं अडकली. त्यानंतर कितीतरी घरांत तरुण पोरं म्हणू लागली, "तिथं ठेवण्यापेक्षा शेअर बरा, निदान आपला पैसा रोज मोबाइलवर दिसतो." दिसतो हे खरं. पण दिसणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. बँकेतल्या ठेवीला एका माणसामागं एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. शेअरला तर तसं काही असूच शकत नाही, कारण तिथं कुणी परत देण्याचं वचनच दिलेलं नसतं. पतसंस्थेनं दिलेला शब्द मोडला म्हणून तक्रार करता येते. शेअर पडला म्हणून कुणाच्या दारात जाणार?

आणि कधी कधी दिसत असूनही काढता येत नाही. लहान कंपन्यांच्या शेअरना दिवसाला ठरावीक टक्केच वर किंवा खाली जाण्याची मर्यादा असते, तिला सर्किट म्हणतात. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी नाव पसरवतं, शेअर रोज पाच-पाच टक्के वर चढतो, घरात आनंदीआनंद. ज्यांनी नाव पसरवलं ते गुपचूप विकून बाहेर पडतात. मग तो रोज पाच-पाच टक्के खाली. तुम्ही विकायला लावता, पण समोर घेणाराच नसतो. दहा दिवस नुसतं बघत बसायचं. गाव सोडून गेलेल्या बाजारात दुकान मांडल्यासारखं. फोनवर, टेलिग्रामवर शेअरची नावं सांगणाऱ्याला पहिल्यांदा सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. बहुतेक जण तिथंच फोन ठेवतात. सेबीचा फुकट फोन नंबर १८०० २२ ७५७५ आहे, आणि पैसे फसवून गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला लावायचा.

मावशींचं पुढं काय झालं ते सांगतो.

आम्ही त्यांना कंपनीबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, की हे पैसे मुळात कशाचे होते? तेव्हा कळलं की बँकेतली ठेव मोडून घातलेले होते आणि ती ठेव धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी होती. फीचा पहिला हप्ता पंचवीस हजार, दोन महिन्यांवर आलेला. आम्ही म्हटलं, "मावशी, मग शेअर वर जाईल का खाली हा प्रश्न तुमचा नाहीच. दोन महिन्यांत काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. फीची तारीख मात्र ठरलेली आहे." यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोराला वाटंल मी त्याच्यावर भरवसा ठेवला नाही."

हे खरं ओझं होतं. मुलगा पुण्याकडं कंपनीत कामाला आहे, पगार बेताचा, बहिणीची फी आपणच मोठी करून द्यावी म्हणून त्यानं हे केलं होतं. लबाडीनं नाही. आणि चुकलं हे त्याला आईच्या आधी कळलं होतं, म्हणूनच तो फोन उचलत नव्हता. शेअर पडल्यावर घरातला माणूस चिडतो, जेवत नाही, रात्री उठून मोबाइल बघतो. ही सगळी लाजेची लक्षणं असतात. अशा वेळी "मी म्हटलं होतं ना" हे वाक्य गिळायला फार जड असतं, पण गिळावं. आपण बोललो तर तो पुढचा तोटा लपवेल, आणि लपवलेला तोटा भरून काढायला पुढचं कर्ज काढेल. आम्हाला कर्जापर्यंत गेलेली घरं माहीत आहेत.

मावशींनी आधी एक साधं काम केलं. खात्याला मुलाचा मोबाइल नंबर जोडलेला होता, तो बदलून स्वतःचा जोडला. आता शेअर घेतला-विकला की संदेश त्यांनाच येतो आणि ओटीपीही त्यांनाच येतो. तुमच्या नावाचं डीमॅट खातं असेल तर हे आजच तपासा. नंबर कुणाचा, ई-मेल कुणाचा, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे. खातं तुमच्या नावाचं म्हणजे कायद्यानं व्यवहारही तुमचाच, मग बटण कुणीही दाबलेलं असो.

मग पोळ्याला मुलगा गावी आला तेव्हा दोघं शेजारी बसली. मावशींनी त्याला काही ऐकवलं नाही, एक वही पुढं ठेवली. फीपुरते शेअर विकायचे, उरलेले ठेवायचे असतील तर का ठेवायचे ते त्यानं वहीत लिहायचं. कंपनी काय विकते, मागच्या वर्षी नफा झाला का, कर्ज वाढलं का कमी झालं. आणि कुठल्या गोष्टीनं आपण चूक आहोत असं मानायचं, तेही. त्यात पुन्हा पैसे घालायचे नाहीत हे आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मुलाला कंपनीबद्दल दीड पान लिहायला दोन दिवस लागले. म्हणाला, "हे आधी केलं असतं तर घेतलेच नसते."

फी भरली गेली. मुलीचं कॉलेज सुरू झालं आहे. उरलेले पाच-सहा हजारांचे शेअर अजून खात्यात आहेत, आणि त्यांचा भाव काय झाला ते आम्ही मावशींना विचारलेलं नाही. मुलगा आता महिन्याला पाचशे रुपये निफ्टीच्या फंडात टाकतो, म्हणजे एकदम पन्नास मोठ्या कंपन्यांत थोडं थोडं. तोही पडतो बरं का. २०२० च्या जानेवारीत बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये कोरोनाच्या भीतीनं साडेसात हजारांपर्यंत आला होता. पण पन्नास कंपन्या एका पत्रानं एका दिवसात शून्य होत नाहीत, इतकाच त्यातला दिलासा.

या कार्यक्रमाआधी आम्ही मावशींना विचारलं, तुमची गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, "सांगा, पण नाव-गाव नको, पोराचं लगीन व्हायचंय अजून."

पुढच्या वेळी डीमॅट खात्याचं महिन्याचं विवरण येतं, तो कागद कसा वाचायचा ते एकेक रकाना घेऊन सांगणार आहोत. तुमच्या नावाचा असा कागद घरात आला असेल तर तो समोर ठेवून ऐका, आणि आला आहे की नाही हेच माहीत नसेल तर तोवर घरात विचारून ठेवा.